लॉरेन्स तव्यावरून उतरला

बाबा,

धाकटा गेला. होळी नुकतीच होऊन गेली होती, पंखा लावावा की नको अशा दिवसांत. तुम्ही असाल तिथे ही बातमी माझ्या आधी पोचली असेल, कदाचित तोच तुमच्याशेजारी बसून मान हलवत असेल. मला खात्री नाही. पण घरात कुणी गेलं की मोठ्यांना कळवायची रीत आहे, आणि माझ्याहून मोठं असं आता कुणी उरलेलं नाही. तुम्हाला जाऊनही वीसच्या वर वर्षं झाली, तरी कळवायचं तर तुम्हालाच. तुमचीच कबर उघडली. हल्ली जागा पुरत नाही म्हणून घरातल्या माणसाला घरातल्याच जुन्या कबरीत ठेवतात. फादरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्हाला चालेल ना?" मी म्हटलं, चालेल काय विचारता, तो बाबांजवळच झोपायचा. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तो तुमच्या पोटावर पाय टाकून झोपायचा, आणि सकाळच्या पाळीला उठताना तुम्ही तो पाय दोन्ही हातांनी उचलून असा बाजूला ठेवायचात, जणू काचेचा आहे. मूठभर माती टाकताना मला तुमचे ते दोन हात दिसत होते, दुसरं काही दिसत नव्हतं.

अंगात मी शिवलेला निळा शर्ट होता. तयार कपडे त्याला कधी बसलेच नाहीत. मान रुंद, हात आखूड, पोट पुढे. गळ्याला बसेल असा शर्ट घ्यावा तर बाह्या बोटांच्याही खाली लोंबायच्या. म्हणून त्याचे सगळे शर्ट आयुष्यभर मीच शिवले. शेवटच्या आजारात तो इतका वाळला की तो निळा शर्टही ढगळ झाला. शेजारच्या गुजराती मासी म्हणाल्या, मागून पिना लावू, कोणाला दिसणार नाही. मी लावू दिल्या नाहीत. मशीनवर बसले आणि दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. बाहेर माणसं जमलेली, आणि आतून मशीनचा आवाज येतोय. कोणाला काय वाटलं असेल ते वाटो. त्याला टोचलेलं सहन होत नसे.

आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि धाकट्याला अजून धड चालता येत नव्हतं. डॉक्टरांनी तोवर सांगून टाकलं होतं की याची बुद्धी लहान मुलाएवढीच राहील. गावाकडून, नगरहून कुणी आत्या, कुणी मावशी येऊन राहील असं सगळ्यांनी धरलं होतं. तुम्ही कुणालाच बोलावलं नाहीत. वर्कशॉपमधून आलात, साबणाने कोपरापर्यंत हात घासलेत, आणि परात ओढून बसलात. प्रतापनगरच्या क्वार्टरमधल्या त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रूळ दिसायचे. डभोईची छोटी गाडी शिट्टी देत गेली की तुम्ही पहिली भाकरी तव्यावर टाकायचात. मी कांदा चिरतेय, धाकटा तुमच्या पाठीला टेकून बसलाय, आणि तुम्ही थापता थापता आज कोणत्या संताचा दिवस ते सांगताय. गावाकडे आजोबा धर्मशिक्षक होते, लोक त्यांना मास्तर म्हणायचे, त्यांच्याकडून ऐकलेल्या त्या गोष्टी. पण तुमच्या तोंडून आले की ते संत रोमचे, फ्रान्सचे राहत नसत. ते पुढच्याच लाइनीत राहायला यायचे.

तुमचा सगळ्यांत लाडका योसेफ. "हा पवित्र पुस्तकात एक शब्द बोलत नाही बघ," तुम्ही म्हणायचात. "एक शब्द नाही. देवदूत येतो, सांगतो, पोराला नि आईला घेऊन निघ. आपल्यासारखा असता तर म्हणाला असता, आत्ता? या वेळेला? एवढ्या लांब? हा काय करतो? योसेफ उठला, चालला. बस." आई गेल्यानंतरच्या त्या वर्षात तुम्ही आम्हाला हे इतक्यांदा सांगितलंत की धाकट्याला पाठ झालं. बोलायला तो उशिरा लागला, पण त्याचं पहिलं पूर्ण वाक्य तेच होतं. योसेफ उठला, चालला. मला आता वाटतं, तुम्ही ते आम्हाला सांगत नव्हतात. सकाळी उठून कामावर जाण्यापुरतं बळ तुम्ही स्वतःलाच देत होतात.

आणि लॉरेन्स. लॉरेन्सची गोष्ट धाकट्याला फार आवडायची, निम्मी. रोमच्या अधिकाऱ्याने लॉरेन्सला दरडावलं, तुमच्या मंडळींची सगळी दौलत माझ्यापुढे आणून ठेव. लॉरेन्स म्हणाला, थोडा वेळ द्या. आणि गावातले आंधळे, पांगळे, भुकेले, ज्यांना कुणी दारात उभं करत नाही असे सगळे गोळा करून घेऊन गेला. म्हणाला, ही घ्या आमची दौलत. इथे तुम्ही पिठाचा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवायचात, "ही बघा आमची तिजोरी." तो टाळ्या पिटायचा, केसांत पीठ, डोळे मिटलेले. कॉलनीतली माणसं तुम्हाला भेटली की आवाज खाली आणून विचारायची, छोकरो केम छे, आणि चुकचुकायची. त्यांनाही तुम्ही हेच उत्तर देत होतात. ती हसून निघून जायची. तुम्ही हसत नव्हतात.

उरलेली निम्मी गोष्ट तुम्ही एकदाच सांगितलीत. चिडलेल्या अधिकाऱ्याने लॉरेन्सला लोखंडी जाळीवर ठेवून खाली विस्तव पेटवला, आणि म्हणे तिथेही तो गमतीने म्हणाला, ही बाजू झाली, आता उलटा. हे सांगता सांगता तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत. तुमच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं होतं, मला हसू आलं होतं. आणि धाकटा उठला. त्याने तव्यावर हात घातला, ती भाकरी ओढून काढली आणि फरशीवर टाकली. बोटं भाजली होती, तो ओरडत होता, पण फुंकर बोटांवर मारत नव्हता. खाली बसून भाकरीवर मारत होता. "उतरला! उतरला!" तुम्ही त्याचा हात माठात बुडवून धरलात. बराच वेळ. मग म्हणालात, "हो रे राजा. उतरला." तुमचा आवाज तसा मी आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता. त्या दिवशी कोणी भाकरी खाल्ली नाही, वरणभात खाल्ला.

तेव्हापासून आपल्या घरात लॉरेन्स विस्तवावरून उतरायचा. तुम्ही गेल्यावर गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि मी सगळ्यांनाच उतरवत गेले. सेबॅस्टियनच्या अंगातले बाण काढून एका बाईने त्याला बरं केलं, हे तर खरंच आहे. पुढे त्याला मारलं, ते मी सांगत नसे. माझ्या गोष्टीत ती बाई हळद लावायची आणि तो जेवून झोपायचा. आग्नेस आपलं कोकरू घेऊन घरी जायची. तो रोज विचारायचा, "मग? घरी गेली?" आणि मी म्हणायची, गेली. त्याला झोप लागायची. तरसालीच्या या घरात इतकी वर्षं एकही संत मेला नाही.

दवाखान्यात त्याच्या छातीत पाणी भरलं होतं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलायचं असलं की तो मास्क एका हाताने वर उचलायचा. जायच्या दोन दिवस आधी, सकाळी, खिडकीतून ऊन त्याच्या पायावर आलं होतं तेव्हा त्याने मास्क उचलला. "आक्का, लॉरेन्स सांग ने." त्याचं ते गुजराती ने. मी खुर्ची जवळ ओढली आणि गोष्ट सांगितली. अधिकारी आला, दरडावला. लॉरेन्सने सगळ्यांना गोळा केलं. ही बघा आमची तिजोरी म्हणताना मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, केस घामाने चिकटलेले. मग जाळी, मग विस्तव, आणि मग मी नेहमीसारखं म्हटलं, "आणि लॉरेन्स उतरला."

त्याने पुन्हा मास्क उचलला. मग म्हणाला, "नाय. मेला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोण म्हणालं तुला?"

"बाबा."

"कधी?"

"तू शाळेत होतीस." मास्क परत लावून त्याने दोन-चार श्वास घेतले. मी त्याचा हात धरून थांबले.

"मग मी इतकी वर्षं उतरला म्हणते, तेव्हा का नाही बोललास?"

"तुला रडू येतं ने," तो म्हणाला. आणि मला तेव्हा खरंच रडू येत होतं, ते बघून त्याने माझ्या हातावर थोपटलं. "असू दे, आक्का. उतरला म्हण."

बाबा, तुम्ही त्याला कधी सांगितलंत? कुठे बसून? तुमची रात्रपाळी असायची तेव्हा दिवसा तुम्ही दोघेच घरी असायचात, तेव्हा का? तो रडला का? त्याने काय विचारलं, आणि तुम्ही मरण म्हणजे काय ते त्याला कोणत्या शब्दांत सांगितलंत, की त्याने ते इतकं नीट समजून घेतलं आणि माझ्यापासून लपवून ठेवलं? मी समजत होते की मी त्याला सांभाळते आहे. रात्री दिवा घालवायच्या आधी तो विचारायचा, घरी गेली? ते माझ्यासाठी विचारत होता. हे ज्यांना विचारावं असे दोघेच होतात, आणि आता तुम्ही दोघे एका जागी आहात. तो गेला तेव्हा दुपार होती. वॉर्डात जेवणाची गाडी फिरत होती, ताटांचा आवाज होत होता. माझा हात त्याच्या कपाळावर होता. एक श्वास आला, आणि मी दुसऱ्याची वाट बघत बसले.

तुमच्या सगळ्याच गोष्टी मला झेपत होत्या असं नाही. लहान तेरेजाची एक होती. मठात कपडे धुताना समोरची सिस्टर तिच्या तोंडावर सारखं घाणेरडं पाणी उडवायची, आणि तेरेजा तोंड पुसून घेत नसे, उलट उद्या पुन्हा याच जागेवर बसायचं असं ठरवायची. मला ही तेरेजा मूर्ख वाटायची. मी तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "मूर्ख तर मूर्ख. पण माझा चार्जमन साहेब सगळ्यांसमोर मला बोलतो ना, तेव्हा मी तिला आठवतो. म्हणतो, पाणीच आहे. वाळेल." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वर्कशॉपमध्ये तुम्हाला कोणी बोलतं. आणि जपमाळेच्या वेळी तुम्हाला झोप लागायची, तिसऱ्या चवथ्या नमो मरियेला तुमची मान खाली जायची, त्यालाही तेरेजाच कामाला यायची. तीही प्रार्थनेत झोपायची म्हणे, आणि म्हणायची, आईबापाला झोपलेलं लेकरूही तेवढंच आवडतं. धाकटा तुमच्या मांडीवरची जपमाळ हळूच काढून घ्यायचा आणि उरलेले मणी स्वतः सरकवायचा. शब्द येत नव्हते. नुसते मणी.

मग ते डभोईचं स्थळ. आपल्याच समाजातला, तिथल्या शाळेत शिक्षक, आईला घेऊन छोट्या गाडीने आला होता. मी तेव्हा फतेगंजात एका शिंप्याच्या दुकानात काम करत होते. त्या दिवशी सुट्टी घेतली होती. तुम्ही सकाळपासून स्वयंपाकघरात. मला आत येऊ देत नव्हतात, साडी खराब होईल म्हणून. तो बोलायला साधा होता. जेवण होईपर्यंत तो खाली बसून धाकट्याबरोबर बटणांचा खेळ खेळत होता, रंगाप्रमाणे ओळी लावत, आणि धाकट्याने मुद्दाम चुकीच्या ओळीत टाकलेलं बटण त्याने तसंच राहू दिलं. मला तो तेव्हाच आवडला. मग त्याच्या आईने विचारलं, "याचं पुढं काय ठरवलंय?" सिस्टरांचा एक आश्रम आहे, अशा मुलांना ठेवतात, चांगलं बघतात, आम्ही चौकशी केलीय. तो शिक्षक ताटाकडे बघत राहिला. आणि तुम्ही म्हणालात, "बघून येतो मी."

ते गेल्यावर मी म्हटलं, मला हे लग्न करायचं नाही. तुम्ही भांडी घासत होतात. तुम्ही वळलात आणि मला असं बोललात, जसं त्याआधी कधी बोलला नव्हतात.

"संत व्हायला निघालीस काय?"

मी म्हटलं, तुम्हीच तर रोज संतांच्या गोष्टी सांगता.

"मग नीट ऐकत जा. मार्टिन घोड्यावरून चालला होता, थंडीत भिकारी दिसला, तलवार काढली नि शाल कापली. किती दिली? अर्धी. अर्धी दिली त्यानं, बाई! अर्धी आपल्या अंगावर ठेवली. सगळी दिली असती तर भिकाऱ्याच्या जागी तो गारठून मेला असता, त्यात देवाला काय मिळालं असतं? रात्री येशू त्याच्या स्वप्नात आला तो अर्धीच शाल पांघरून आला. उरलेली कुठंय म्हणून त्यानं विचारलं नाही."

"धाकटा भिकारी नाही, बाबा. माझा भाऊ आहे."

"म्हणूनच सांगतोय," तुम्ही म्हणालात, आणि नळ सोडलात, पुढचं कोणाला ऐकू येऊ नये म्हणून.

आश्रम तुम्ही खरंच बघून आलात. चांगला आहे म्हणालात. मी डभोईला नकार कळवायला लावला. त्या हिवाळ्यात तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोलत होतात. मीठ आहे का, वीज गेली का. मग एके दिवशी संध्याकाळी तुम्ही पुडकं घेऊन आलात. हिवाळ्यात तिबेटी बाया रस्त्याच्या कडेला स्वेटर मांडून बसतात, त्यांच्याकडून आणलेली लोकरी शाल, मरून रंगाची, चांगली रुंद. माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ही तुझी. अख्खी." एवढंच. त्या आठवड्यातच धाकटा ती पांघरून झोपलेला तुम्ही पाहिलात. मी तिथेच होते, काज करत होते. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि चप्पल घालून बाहेर निघून गेलात. मी तुमच्या मागे यायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही.

तुमच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही हे मनात धरून पडला होतात. तोंडाला चमचा लावला की ओठ घट्ट मिटायचात. एका संध्याकाळी धाकटा तुमच्या पायाशी बसला होता, तुमच्या तळव्याला तेल लावत होता, लावत कसला, सांडत होता. तुम्ही त्याच्याकडे बघून मला म्हणालात, "तुझ्या आयुष्यावर मी याला लादून चाललो." मी म्हटलं, असं काही नाही, बाबा. आजारी माणसाला म्हणतात तसं म्हटलं. तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. त्यात खरं किती होतं ते मला सांगायचं होतं, पण तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं. कळलं ते तुम्ही गेल्यानंतर, इथे तरसालीत राहायला आल्यावर.

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. तुम्हाला माहीत आहे, दिवाळी झाली की इथली माणसं कुलपं लावून फिरायला जातात, सगळी सोसायटी रिकामी. मला ताप भरला. आधी अंगदुखी, मग असा ताप की उठून दाराला कडी घातली की नाही तेही आठवेना. धाकट्याने माझ्या कपाळावर ओला पंचा ठेवला, पिळायचं त्याला सुचलं नाही, उशी भिजून गेली. चहा करता येत नव्हता म्हणून बिस्किट पाण्यात बुडवून माझ्या तोंडाशी धरलं. मी काही बोलेना तेव्हा त्याने शेजारची दारं वाजवली. कोणी नाही. पुढच्या गल्लीतही कोणी नाही. उरला तो मोठ्या रस्त्यापलीकडचा औषधवाला.

तो रस्ता त्याने कधी एकट्याने ओलांडला नव्हता. ट्रक जातात तिथून, एसट्या जातात. बरोबर मी असले तरी तो डोळे मिटून घ्यायचा, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरायचा आणि मी ओढेन तसा चालायचा. त्या दिवशीचं मला औषधवाल्याने सांगितलं. म्हणाला, तुमचा भाऊ पलीकडे कितीतरी वेळ उभा होता. चपला उलट्या पायांत. हातात तुमची ओढणी. पुढे येतोय, मागे जातोय. मला वाटलं, बेन मागून येत असतील. मग त्याने डोळे मिटले, ओढणी मुठीत धरून हात पुढे केला, पुढे कोणी चालतंय असा, आणि रस्ता ओलांडायला लागला. मी धावत गेलो, हात करून गाड्या थांबवल्या. माझा हात लागला तरी त्याने डोळे उघडले नाहीत. दुकानात आणून बसवला तेव्हा म्हणाला, "आक्का गरम." दोनच शब्द. तो भला माणूस दुकान तसंच टाकून त्याला स्कूटरवर मागे बसवून घरी आला.

मी शुद्धीवर आल्यावर विचारलं, "घाबरला नाहीस?"

"घाबरलो ने."

"मग कसा गेलास?"

त्याला प्रश्नच कळला नाही. मी एवढं सोपं काय विचारते आहे असं बघत म्हणाला, "योसेफ उठला. चालला."

तुमच्या त्या बोलण्याला माझं उत्तर हे होतं, बाबा. तुम्ही मला मार्टिन समजलात आणि धाकट्याला रस्त्याकडेचा माणूस. त्या दिवशी गारठून पडलेली मी होते. आणि त्याच एका दिवशी नव्हे. दुकानातून चिडून यायची तेव्हा, डभोईहून त्या शिक्षकाच्या लग्नाची मिठाई आली तेव्हा, आरशात केस पांढरे दिसले तेव्हा, तो काही न विचारता येऊन माझ्या पाठीला पाठ टेकून बसायचा. तुमच्या बसायचा तसा. माझ्या अंगावर जे काही पांघरूण होतं ते त्याचं होतं. तुम्ही काही लादलं नाहीत. हे तुम्हाला सांगता आलं असतं तर तुम्ही तोंड भिंतीकडे करून गेला नसता, एवढंच मला जन्मभर वाटत राहिलं. आणि आता हे सांगायला सुचतं आहे, तर सांगून उपयोग कोणाला?

दफनाच्या दिवशी फादरांनी प्रवचनात माझं नाव घेतलं. ते तरुण आहेत, चांगले आहेत. गुजरातीत म्हणाले, आपल्या या बहिणीने भावासाठी सगळं आयुष्य दिलं, संत काय फक्त पुस्तकात असतात? लोक माझ्याकडे वळून बघत होते, बायका डोळे पुसत होत्या. मला उठून सांगावंसं वाटलं की जो पेटीत आहे त्याच्याविषयी बोला. तो लोकांना कोणाच्या तरी त्यागाचं सामान वाटला, याचा मला इतका राग आला की पुढचं गाणं मला म्हणता आलं नाही. तेव्हापासून शेजारच्या मासी रोज येतात, खिचडी-कढी आणतात, माझ्यापुढे बसून मी खाल्लेलं बघतात. प्रेमाने म्हणतात, "हवे तमे छूटां थयां, बेन. थोडो आराम करो, क्यांक फरी आवो." सुटले, म्हणे. आता आराम करा, कुठे फिरून या. त्यांचं चुकत नाही. सगळे हेच म्हणतात, फोनवरही हेच म्हणतात. कुठे फिरायला जायचं, मासी? मला सुटायचं नव्हतं. शाळांच्या गणवेशांचं काम आलं आहे. मापं घेते, कापते, शिवते, आणि धाग्यांचे तुकडे खाली पडतात. ते वेचून डब्यात भरायचं काम त्याचं होतं. आता मी ते दिवसभर पडू देते आणि संध्याकाळी केरसुणीने लोटते. मशीन थांबलं की एवढ्या मोठ्या घरात आवाज होतो तो तेवढाच.

हे लिहिलेलं कुठे टाकायचं नाही. तुमच्या दोघांच्या कबरीवर नेऊन ठेवायची एक कल्पना मनात आली होती, पण वाऱ्याने उडून कोणाच्या तरी हाती लागेल. दुपार कलली आहे, मासी येतील. घडी करून कपाटात ठेवीन, नाहीतर फाडीन.

एक सांगायचं राहिलं. तो गेल्यापासून मी प्रार्थना केलेली नाही. रविवारी रिक्षाने फतेगंजात चर्चला जाते, सगळे उभे राहिले की उभी राहते, गुडघे टेकले की टेकते, ओठ हलवते. घरी जपमाळ हातात घेते आणि पुढे काही येत नाही. देवावर रागावले आहे असं म्हणावं तर तसंही नाही. त्याच्याशी बोलायला तोंडच उघडत नाही. सुरुवातीला मी लिहिलं की तुम्हाला कळवायचं म्हणून बसले आहे. ते पुरतं खरं नाही, बाबा. नजरेपलीकडच्या कोणाशी तरी बोलायची सवय साफ मोडून जाऊ नये, म्हणून बसले होते.